फक्कीआबा

आबा ऑफिसात येऊन गेले का, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. फरशीकडे पाहिलं की कळायचं. दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत आणि टेबलापासून चहाच्या थर्मासपर्यंत पांढरी पावलं उमटलेली असत. झाडलोट करणाऱ्या बाईंनी सुरुवातीला ती नेमानं पुसली, मग कंटाळून नाद सोडला. पँटच्या तळाला, बुटांच्या शिवणीत, नखांत, चष्म्याच्या दांडीवर, सगळीकडे फक्की. शाळेच्या मैदानावर कबड्डीसाठी रेघा मारतात तीच. नगररचनेच्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस गाडीच्या डिकीत फक्कीचं पोतं, बादली आणि सुतळीचा गुंडा घेऊन हिंडतो, हे नव्या माणसाला पटायचं नाही. खरं नाव त्यांच्या कार्डावर होतं आणि ते तिथंच राहिलं. निम्मा लोणावळा त्यांना फक्कीआबा म्हणून ओळखायचा. आम्ही ऑफिसातले नुसतं आबा म्हणायचो.

जन्म गेला नकाशे काढण्यात, आणि कागदावरच्या नकाशावर या माणसाचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर सगळंच मावतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून नकाशातली महत्त्वाची रेघ ते जमिनीवर खऱ्या मापानं मारायचे आणि ज्याला ती पटायला हवी त्या माणसाला तिच्यात नेऊन उभं करायचे. एकदा एक पुढारी हटून बसले की नोकरचाकरांच्या घरांना एवढी जागा पुष्कळ झाली. आबांनी वाद घातला नाही. पुढाऱ्यांना मैदानावर नेलं, तसलं एक घर फक्कीनं आखलं, त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि मला, ड्रायव्हरला अन् त्यांच्याच कार्यकर्त्याला मागून आत सोडलं. पुढारी अंगानं भरलेले. पोट रेघेपलीकडे गेलं तसे आबा गंभीरपणे म्हणाले, "भिंत पाडलीत." दुसऱ्या दिवशी घरं मोठी झाली. "रेघ स्वतः बोलते. आपण मधे तोंड घालू नये," असं वर आम्हाला शिकवलं. हे दुसरं ठरलेलं वाक्य. याच वाक्यानं पुढं त्यांचा घात केला.

मी लोणावळ्याचीच. वडील रेल्वेत, त्यामुळे क्वार्टरमध्ये वाढले. शेतीशी माझा संबंध मंडईतून भाजी आणण्यापुरता. संगणकावर नकाशे काढणं हे माझं काम, आणि आबा माझ्या संगणकाला डबा म्हणत. "काय म्हणतोय तुझा डबा?" म्हणून मागं येऊन उभे राहायचे आणि पडद्यावर थेट बोट टेकवून सांगायचे, हे इकडं घे, ते तिकडं सार. त्यामुळे माझ्या पडद्यावर, नकाशात तळ्याचा काठ यायचा तिथं, कायमचा एक पांढरा डाग पडला होता. मी चिडायचे. ते म्हणायचे, "असू दे गं. तेवढा भाग तरी खरा वाटतो."

बैठकीत ते अस्सल पुणेरी शुद्ध बोलत. राग आला किंवा माया दाटली की त्यांच्या गावचं, सुदुंबऱ्याचं बोलणं बाहेर पडायचं. त्यामुळे आबा शुद्ध बोलत होते तोवर आम्ही निर्धास्त असायचो. "न्हाई" ऐकू आलं की मी संगणक सोडून बाहेर यायचे.

आमच्याकडे आलेलं काम मोठं होतं. बाजारपेठेच्या मागं, तळ्याला लागून एक भला मोठा माळ पडून होता. शहराच्या ऐन मधोमध. वारसांच्या भांडणात त्याची कितीतरी वर्षं गेली होती. भांडण मिटलं, एका बांधकाम कंपनीनं तो घेतला आणि तिथं नवी वसाहत वसवायचं ठरलं. रस्ते, शाळा, दुकानं, लहानमोठी घरं, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. नकाशा आमच्या ऑफिसनं करायचा होता आणि प्रमुख होते आबा. आता माळ पडून होता म्हणजे कागदावर. एरवी तिथं सकाळी पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले घोडे धुवायला आणायचे. पलीकडच्या वस्तीतल्या म्हशी तिथंच डुंबायच्या. गौरी तिथंच शिरवायच्या. आणि घट बसायच्या आधी आठ-पंधरा दिवस तर काठावर पाऊल ठेवायला जागा नसायची, कारण अर्ध्या गावाच्या गोधड्या तिथं धुतल्या जायच्या.

त्या गोधडीवाल्यांची पुढारी हौसामावशी. दिराची, नवऱ्याची, सगळीच जमीन धरणात गेली आणि ती माणसं लोणावळ्यात येऊन वस्तीत राहिली, त्याला जन्म लोटला होता. मावशी लोकांच्या गोधड्या शिवायची आणि धुवायचीही. आबांची आणि तिची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. काठ किती रुंद हवा हे आबांनी तिच्या गोधडीवरूनच ठरवलं. एक मोठी गोधडी काठावर पसरली तरी शेजारून घोडं न बिचकता गेलं पाहिजे, त्याच्याही शेजारून पोराचं बोट धरून बाई गेली पाहिजे, एवढा. त्यांनी मावशीची गोधडी खरोखर पसरायला लावली, घोडेवाल्याला खरोखर घोडं आणायला लावलं आणि बाई म्हणून मला चालवलं. मावशी हसून हसून खाली बसली. "आबा, काठ मोटा ठिवा बरं का, न्हाईतर गोधडीबी पान्यात आन मीबी," असं ती तेव्हा म्हणाली होती.

आबा बांधकामाच्या विरोधात नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं लोकांनी त्यांना तसं ठरवून टाकलं. माणसं राहायला आलीच पाहिजेत, शहराच्या मधोमध जागा मोकळी ठेवून लोकांना डोंगरावर कशाला पाठवता, असं ते म्हणायचे. शाळेसाठी भांडले, ती मिळाली. लहान घरांसाठी भांडले, ती मिळाली. उंचीच्या बाबतीत त्यांनी माघार घेतली, बाजाराच्या बाबतीत घेतली. फक्त काठाच्या बाबतीत ते तसूभर हलायला तयार नव्हते. तळ्याच्या कडेनं सलग वाट, जागोजागी पायऱ्या, कुठंही फाटक नाही. कंपनीच्या माणसांना हे खुपत होतं. पाण्याला चिकटलेली घरं आणि त्यांच्या अंगणातून वस्तीतल्या म्हशी जाणार, हे कुणाच्या गळी उतरणार?

एवढा हट्ट कशासाठी, हे मी एकदा विचारलं. पावसाची झड लागली होती, बाहेर जाता येत नव्हतं, आम्ही चहा घेत बसलो होतो. आबांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. घरातले देव गेले, नावं बदलली, पोरं शाळेत गेली. पाणवठा मात्र त्यानंतरही बरीच वर्षं होता तसाच राहिला. आबा सांगत होते ते शुद्ध भाषेत सुरू झालं आणि मधेच केव्हा तरी सुदुंबऱ्याला पोचलं.

"आई हांडा घेऊन गेली की वरनं कोनतरी इचारायचं, कुनाकडची गं तू? मग ती ज्यांच्या मळ्यात कामाला जायची त्यांचं नाव सांगायची. मग खालच्या अंगाला उतरायला मिळायचं. रोज तीच मानसं, रोज तोच सवाल. ती काय आईला वळखत न्हवती व्हय?" त्यांनी कप खाली ठेवला. "पाण्याकडं जाताना कुणाचं नाव सांगायला लागू नये. एवढंच मी आयुष्यात शिकलो, बाई. बाकी नुसत्या डिग्र्या."

मी डब्यावर परत गेले आणि काठाची वाट त्या दिवशी जरा ठळक रंगात काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाहिली आणि नुसती मान डोलावली.

पुढच्या प्रत्येक बैठकीत काठ बारीक होत गेला. आधी घोडं गेलं, मग पोराचं बोट धरलेली बाई गेली. आबा प्रत्येक वेळी शुद्ध बोलत आत जायचे आणि सुदुंबऱ्याचं बोलत बाहेर यायचे. शेवटी कंपनीच्या एका गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी तोडगा काढला. म्हणाले, कशाला वाद? लोक काठ वापरतात असं आबा म्हणतात, आम्हाला तसं दिसत नाही. बाहेरच्या माणसाकडून आठवडाभर पाहणी करून घेऊ. वापर असेल तर काठ सगळ्यांसाठी मोकळा राहील, आबांनी आखला तसा रुंद. नसेल तर तो वसाहतीच्या आतली बाग म्हणून धरायचा. पाहणीत येईल ते दोन्ही बाजूंनी मान्य करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कागदावर सह्या झाल्या.

आबा त्या बैठकीतून बाहेर आले ते लहान पोरासारखे. पाहणी होणार होती भाद्रपदाच्या शेवटी, म्हणजे ऐन गोधड्यांच्या दिवसांत. देवानं दिलं नसतं असं दान कंपनीनं आपल्या हातानं टाकलं होतं. ऑफिसात सगळ्यांना गरम भजी मागवली. "आता आपल्याला काही करायलाच नको. मावशी बसेल, घोडी येतील, म्हशी येतील. फोटो काढणाऱ्याचा हात दुखेल," असं म्हणत होते आणि भज्याचा तेलकट कागद घेऊन त्याच्यावर काठाची रुंदी काढत होते. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

काही करायलाच नको म्हणणारा माणूस स्वस्थ मात्र बसेना. लोकांना आपला काठ किती रुंद होणार हे कळायला हवं, त्यांना हुरूप येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग डिकी उघडली. पाहणीच्या दोन दिवस आधी आम्ही तळ्याच्या कडेनं सुतळी ताणत गेलो आणि मागं आबा फक्की सोडत गेले. वस्तीच्या पायवाटेपासून थेट घोडेवाल्यांच्या उतारापर्यंत एक लांब पांढरी रेघ. रेघेच्या अलीकडे वसाहत, पलीकडे पाण्यापर्यंत सगळ्यांचा काठ. वस्तीत एक सभा घेऊन समजावून सांगायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी पाऊस कोसळला आणि सभा राहिली. आबांना त्याचं काही वाटलं नाही. रेघ होतीच ना सांगायला.

पाऊस मात्र रेघेला टिकू देईना. सर आली की फक्की वाहून जायची. सर थांबली की आबा छत्री मला धरायला लावून पुन्हा मारायचे. दमायचे, खोकायचे, पण दर वेळी आधीपेक्षा जाड मारायचे. आज आठवलं की वाटतं, त्या पावसाला काय ते कळलं होतं. तो एवढा पुसत होता आणि आबा त्याला हार जात नव्हते.

पाहणी सुरू झाली. कॅमेरा घेऊन एक तरुण रोज सकाळी काठावर उभा राहायचा. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. पाऊस आहे म्हणून, असं आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तरी कुणी नाही. एक घोडं उतारापर्यंत आलं, घोडेवाल्यानं खाली पाहिलं आणि लगाम ओढून त्याला मागं वळवलं. तिसऱ्या दिवशी आबा उजाडल्यापासून तळ्यावर उभे होते. स्वच्छ ऊन, गोधड्या धुवायला यापेक्षा चांगला दिवस सापडला नसता. पाण्यावर बगळे सोडून कुणी नव्हतं. कॅमेरावाल्यानं बगळ्यांचे फोटो काढले. आबांचा चेहरा मला बघवत नव्हता. ते एकसारखे म्हणत होते, येतील, आज उशीर झाला असेल, येतील. आठवडा सरत आला तशी मीच म्हणाले, वस्तीत जाऊन बघू या.

हौसामावशी वस्तीच्या नळावर बसली होती. समोर एक बादली, बादलीत गोधडीचं एक टोक, बाकीची गोधडी चिखलात पडू नये म्हणून खांद्यावर. तेवढ्याशा बादलीत तेवढी थोरली गोधडी ती कोपऱ्याकोपऱ्यानं बुडवत होती. मागं आणखी बायका नंबर लावून उभ्या होत्या. आबांनी विचारलं, मावशी, तळं सोडून इथं काय?

मावशीनं मान वर केली नाही. "तितं फक्की पडलीया की आबा. ग्येली ती जागा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला लागतंय? धरनाच्या टायमाला बी आदी फक्कीच पडली हुती. मंग मोजनी, मंग पोलीस." तिनं गोधडी पिळायला घेतली आणि ती हातातून निसटली. "फक्कीच्या आत ग्येलं की हुसकून काडत्यात. आमी बगितलंय ते. दुसऱ्यांदा कशाला बगायचं?"

आबा म्हणाले, अगं, ती रेघ तुमच्यासाठी होती. तुझ्या गोधडीचीच होती ती. मला का नाही विचारलंस?

तेव्हा तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीच मारली म्हनून तर इचारलं न्हाई. दुसऱ्यानं मारली असती तर भांडले असते."

आबा नळाच्या कट्ट्यावर खाली बसले. ओल्या कट्ट्यावर, तसेच. नळ तेवढा वाहत होता. मग ते हळू आवाजात सांगू लागले, मला की मावशीला की स्वतःलाच, कोण जाणे. सुदुंबऱ्यात त्यांच्याही तुकडाभर जमिनीवर अशीच फक्की पडली होती, कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा. ते पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहावर होते. सुट्टीत गावी आले तेव्हा तिथं तारेचं कुंपण होतं. रेघ त्यांनी पाहिलीच नव्हती. बापानं पाहिली होती. "माझ्या हातात फक्कीची बादली आली ती साहेब झाल्यावर," ते म्हणाले. "बा असता तर म्हनला असता, येड्या, काय करतुयास?"

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझा जीव गलबलतो. आबा वस्तीत दारोदार फिरले. घोडेवाल्यांकडे गेले, म्हशीवाल्यांकडे गेले, हात जोडून सांगितलं, ती रेघ खोटी आहे, उद्या या, एकदा तरी या. काही जण हो म्हणाले. काहींनी दार लावून घेतलं. पाहणीचा शेवटचा दिवस उजाडला आणि आबा खराटा घेऊन तळ्यावर गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःची रेघ स्वतःच्या हातानं झाडत सुटले. फक्की ओल्या गवतात बसलेली, निघेना. मग गुडघ्यांवर बसून हातांनी खरवडायला लागले. मी ओढत होते, आबा उठा, ड्रायव्हर ओढत होता. ते ऐकत नव्हते. हौसामावशी आणि तिच्याबरोबर चार-सहा बायका गोधड्या डोक्यावर घेऊन खरंच आल्या. पण काठावर साहेबमाणूस गुडघ्यांवर बसून माती खरवडतो आहे, बाजूला कॅमेरा घेऊन परका माणूस उभा आहे, हे पाहून त्या पायवाटेवरच थबकल्या. मावशीनं एक पाऊल पुढं टाकलं, रेघेचा जो भाग अजून शिल्लक होता त्याच्यापाशी आली आणि तिथं तिचा पाय उचलेना. ती उभी राहिली. रडत होती, पण पुढं आली नाही. कॅमेरावाला सज्जन होता. त्यानं या सगळ्याचा फोटो काढला नाही. पण मग काढण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

'सदर काठाचा सार्वजनिक वापर होत असल्याचे आढळून आले नाही,' असा अहवाल आला. नकाशाच्या मंजुरीसाठी सुनावणी झाली, तिथं आबांनी सगळं खरं ते सांगितलं. त्या दिवशी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत शुद्ध बोलले, एकदाही आवाज चढला नाही, आणि मला फार भीती वाटत होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ही माणसं काठावर आली नाहीत, कारण मी त्यांना घाबरवलं. शिक्षा द्यायची तर मला द्या. काठाला देऊ नका."

सुनावणी घेणारे अधिकारी मान खाली घालून ऐकत होते. त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण पाहणीत येईल ते मान्य करायचं, असं आबांनीच कबूल केलं होतं आणि कबुली त्यांच्या सहीची होती. कंपनीचे ते गृहस्थ बाहेर येऊन आबांचा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आबांनी हात सोडवून घेतला नाही.

अंतिम नकाशा मीच डब्यावर काढला. काठाच्या जागी हिरवी बाग, बागेला भिंत, भिंतीला एक फाटक. आबा मागं उभे होते. पडद्यावरचा तो पांढरा डाग बरोबर फाटकाच्या शेजारी आला होता. त्यांनी सही केली नाही. पेनाचं टोपण लावलं, खिशाला अडकवलं आणि राजीनामा देतो म्हणाले. मीही सोडते म्हटल्यावर मात्र रागावले. "तू राहा. आत एक तरी मानूस वळखीचं असू दे." त्यानंतर ते ऑफिसात दोनदा आले, सामान न्यायला. जाताना फरशीवर पावलं उमटली नाहीत. झाडलोटवाल्या बाई मला विचारत होत्या, आबा आलेच नाहीत का?

अपील करायला ते पुण्याला खेटे घालत राहिले. या मजल्यावरून त्या मजल्यावर, या साहेबाकडून त्या साहेबाकडे. एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं खुर्चीवरून उठून नमस्कार करायची आणि आबा, आता काही होणार नाही म्हणायची. कधी कधी संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर भेटायचे. बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचं. मी त्यांना सांगायचे, तुमची शाळा झाली, लहान घरं झाली, तिथं माणसं सुखानं राहतील. ते हो हो म्हणायचे आणि मग म्हणायचे, "सभा त्याच दिवशी देवळात घ्यायला पाहिजे होती. पाऊस होता तर काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेच होतं, आणि त्यानंच ते पोखरले गेले.

भिंत झाली, घरं उभी राहिली, माणसं राहायला आली. तोवर आबांना झटका येऊन गेला होता आणि डावा पाय ओढत चालायचे. एक दिवस फोन केला, मला तळं बघायचंय. मी त्यांना गाडीत घालून नेलं. फाटकावर जवळच्याच औंढे गावचा एक पोरगेलासा रखवालदार होता, अदबशीर. खिडकीत वाकून म्हणाला, "कुनाकडं जायचंय आबा?"

आबा म्हणाले, "पाण्याकडं."

त्याला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा तेच सांगितलं. तो बिचारा अवघडला. मला म्हणाला, ताई, कुणाचंही एक नाव सांगा, मी सोडतो, कोण बघतंय? आत माझ्या ओळखीची दोन घरं होती. मी तोंड उघडलं तसा आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. पकड घट्ट होती. "न्हाई," ते म्हणाले. "वळव गाडी." फाटकाच्या गजांतून पाण्याचा एक तुकडा दिसत होता. गाडी वळेपर्यंत ते तो बघत राहिले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. सुदुंबऱ्याला वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात मावेनात. हौसामावशी लोणावळ्याहून एसटीनं आली होती. तिनं एक गोधडी आणली होती, आबांसाठी शिवलेली. ती कुणाला द्यावी हे तिला कळेना. शेवटी परत घेऊन गेली.

परवा भाद्रपद संपता संपता मी तिच्याकडे गेले तर ती गोधडी तिनं काढून ठेवली होती. म्हणाली, एकदा धुवायला पाहिजे, ठेवून ठेवून वास लागलाय, नळावर नको, तळ्यावर नेऊ. मी म्हटलं, मावशी, तिथं आत सोडत नाहीत. ती म्हणाली, ठावं हाय. आणि गोधडी डोक्यावर घेऊन चालायला लागली. पायवाटेशी रेघ सुरू व्हायची त्या जागेवरून ती न थांबता पुढं गेली. आता तिथं सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत.

फाटकावर तोच औंढ्याचा पोरगा होता. "कुनाकडं जायचंय मावशी?"

"फक्कीआबाकडं," मावशी म्हणाली.

त्यानं नावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, पान उलटून पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "असं कुनी हितं ऱ्हात न्हाई."

"व्हय," मावशी म्हणाली. "त्येला तुमी आत घेतलंच न्हाई."

आम्ही गोधडी घेऊन नळावर परत आलो. एक बाजू मी धरली, एक तिनं, आणि कोपऱ्याकोपऱ्यानं ती बादलीत बुडवत बसलो.